घोळ ताटात हवा, ग्लासात नको

या वेळचं पत्र नाशिकहून आलं आहे. बाईंनी नाव छापू नका असं कळवलं आहे, म्हणून ते देत नाही. पत्र लांब होतं, त्यातला मुख्य भाग असा:

“गच्चीवर टोमॅटो, मिरची, कढीपत्ता अशा कुंड्या आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांत जाड, लालसर देठाचं, मातीला चिकटून पसरणारं एक तण माजलंय. उपटून कडेला टाकते, तर आठवड्यात पुन्हा तेच. माझ्या सासूबाई परभणीकडच्या. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हा घोळ. फेकतेस काय, भाजी कर.’ त्यांच्या मते तो उष्णतेवर, उन्हाळी लागल्यावर, मूळव्याधीवर, भाजल्यावर, सगळ्यावर चालतो. भाजीपर्यंत ठीक होतं. पण आता त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की घोळात माशापेक्षा जास्त ओमेगा-3 आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटी त्याचा एक ग्लास रस घेतला तर मधुमेहाच्या गोळ्या सुटतात. सासूबाईंना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, त्या रस सुरू करायचा म्हणतात. माझ्या मिस्टरांना मागच्या वर्षी मुतखडा झाला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा. त्यांनाही सासूबाई तोच रस देणार आहेत. मुलगी अमेरिकेत आहे, तिच्या अंगणातही असंच काहीतरी उगवतं, तीही विचारतेय. हे खायचं की नाही, आणि कोणी किती?”

ताई, सगळ्यात आधी रसाचं सांगते, कारण त्याला थांबून चालणार नाही. सासूबाईंनी रस सुरू करू नये आणि तुमच्या मिस्टरांनी तर तो तोंडालाही लावू नये. कारण पुढे सविस्तर देते. भाजीच्या बाबतीत मात्र सासूबाईंचं बरोबर आहे, आणि ती टाकून दिली जात होती याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आता तुमच्या कुंडीतला तो घोळच आहे ना, याची खात्री करू. घोळाचा देठ गुळगुळीत, मांसल आणि गोल असतो, बहुतेक वेळा तांबूस. पानं जाडसर, टोकाला गोलाकार आणि देठाकडे निमुळती, चमच्यासारखी. त्यावर लव नसते. फुलं पिवळी, इवलीशी, ऊन चढलं की उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. नंतर येणाऱ्या बोंडाला वर झाकण असतं, ते निघालं की आत काळ्या, वाळूच्या कणांएवढ्या बिया दिसतात. आणि मुख्य परीक्षा ही: देठ मोडून बघा. घोळातून स्वच्छ, पाण्यासारखा, किंचित बुळबुळीत रस येतो. पांढरा चीक आला तर तो घोळ नव्हे, ते दुधी किंवा नायटी नावाचं दुसरं तण. तीही अशीच जमिनीवर पसरते, तिचीही देठं तांबूस असतात, पण ती तारेसारखी बारीक आणि पानं पातळ असतात. तिचा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देतो. मुलीलाही हीच खूण कळवा, कारण अमेरिकेतल्या अंगणांत दुधीच्या जातीतलं असंच एक तण घोळाच्या शेजारीच उगवतं.

दुसरी फसगत घेटुळी नावाच्या तणाशी होते. तिचा पसारा घोळासारखाच दिसतो, पण तिच्या पानांच्या जोडीत एक पान मोठं आणि एक लहान असतं, फूल पांढरं किंवा गुलाबी असतं आणि पान घोळाइतकं रसरशीत नसतं. शंका असेल तर फूल येईपर्यंत थांबा. पिवळं फूल दिसलं आणि चीक नसला की निर्धास्त व्हा. तुमच्याकडे ‘ऑफिस टाइम’ची फुलझाडं असतील, तीही घोळाच्याच कुळातली आहेत, पण रोपवाटिकेतून आलेल्या शोभेच्या झाडांवर काय फवारलं असेल सांगता येत नाही, ती खाऊ नका.

सासूबाईंना विचारा, त्या चिवळ आणि घोळ वेगळे ओळखतात का. परभणीकडच्या बायका बहुधा ओळखतात. चिवळ म्हणजे घोळाचीच बारीक पानांची बहीण, उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारांत तिचे वाटे लावलेले असतात आणि तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत घालून ती आवडीने खाल्ली जाते. तिकडे जिला बाजारात मान आहे, तिचीच मोठी बहीण आपण गच्चीवर उपटून फेकतो. शेजारच्या तेलंगणात घोळाला गंगावायल कूर म्हणतात आणि तो घालून केलेलं वरण तिथलं रोजचं जेवण आहे. उत्तरेत हाच कुलफा होतो. तुर्कस्तानात लोक तो कच्चाच दह्यात कालवून लसूण घालून खातात, मेक्सिकोत तो हिरव्या चटणीत मांसाबरोबर शिजतो. मुलीच्या गावात मेक्सिकन भाजीवाला असेल तर तिथे तो ‘व्हर्दोलागास’ या नावाने विकत मिळेल, अंगणातला नको वाटला तर तिने तो आणावा.

आता त्यात आहे काय ते बघू. 100 ग्रॅम ताज्या घोळात 92 ते 93 ग्रॅम पाणीच असतं. उष्मांक फक्त 20 च्या आसपास. प्रथिनं 2 ग्रॅम, कॅल्शियम सुमारे 65 मिलिग्रॅम, मॅग्नेशियमही तितकंच, लोह 2 मिलिग्रॅम, ‘क’ जीवनसत्त्व 20 मिलिग्रॅमच्या पुढे आणि पोटॅशियम 500 मिलिग्रॅमच्या जवळ. पालेभाजी म्हणून हे उत्तम आहे. मेथी, माठ, चाकवत यांच्या पंगतीत ती मानाने बसते.

ओमेगा-3 चा दावा पूर्ण खोटा नाही, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. 1986 साली आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सालेम या संशोधकांनी घोळात ओमेगा-3 ही स्निग्धाम्लं चांगल्या प्रमाणात असल्याचं दाखवलं. पुढच्या मोजमापात 100 ग्रॅम पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3, सापडलं. पालकात ते याच्या चौथ्या हिश्श्याएवढंच असतं, म्हणजे पालेभाज्यांत घोळ खरोखर पुढे आहे. पण मेसेजमध्ये जे सांगितलेलं नाही ते असं: माशांतली ओमेगा-3 वेगळ्या प्रकारची असतात, लांब साखळीची, शरीराला थेट वापरता येणारी. वनस्पतींतलं आम्ल आपल्या शरीराला आधी बदलून घ्यावं लागतं आणि त्यातला अगदी थोडा भागच बदलला जातो. त्यामुळे घोळ माशाची जागा घेत नाही. शाकाहारी घरात हे आम्ल हवं असेल तर त्याचा मोठा साठा तुमच्या फडताळात आधीपासून आहे, तो म्हणजे जवस. भाजून कुटलेल्या जवसाच्या 10 ग्रॅम चटणीत 2 ग्रॅमहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं, तेवढं घोळातून मिळवायला अर्धा किलोहून जास्त पाला खावा लागेल. सासूबाईंना भाकरीबरोबर रोज चमचाभर जवसाची चटणी द्या. मराठवाड्याच्या माणसाला ती काही नवी नाही.

सिमोपोलस बाईंचंच आणखी एक निरीक्षण मला फार आवडतं. त्या मूळच्या ग्रीसच्या. तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या घोळासकट हिरवा पाला आणि किडे खात होत्या, आणि त्यांच्या अंड्यांच्या बलकात दुकानातल्या अंड्यांपेक्षा कितीतरी जास्त ओमेगा-3 सापडली. आपण ज्याला गावरान अंडं म्हणून जास्त पैसे मोजतो, त्याच्या गुणामागे कोंबडीने काय खाल्लं याचा वाटा किती असतो, ते यातून दिसतं. तुमच्या माहेरी-सासरी कुणाकडे कोंबड्या असतील तर जास्तीचा घोळ त्यांना टाका.

रसाकडे येते. घोळात ऑक्झलेट, म्हणजे पालेभाज्यांत असणारा एक आम्लाचा क्षार, भरपूर असतं, 100 ग्रॅममागे ग्रॅमभराच्या आसपास, म्हणजे पालकाच्या तोडीचं किंवा थोडं जास्तच. एका ग्लास रसासाठी दोन-तीन मुठी पाला सहज वाटला जातो. तो शिजलेला नसतो, पाणी टाकलेलं नसतं, सोबत दही-ताक नसतं आणि पोट रिकामं असतं. अशा वेळी विरघळणारं ऑक्झलेट आतड्यातून सरळ रक्तात जातं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडताना कॅल्शियमशी जुळून खडे धरतं. जास्त ऑक्झलेटच्या हिरव्या पाल्यांचे रस रोज पिऊन मूत्रपिंडाला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यांत ज्यांची मूत्रपिंडं आधीच थोडी कमजोर होती अशी माणसं आहेत. दहा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडांवर ताण आलेला असण्याची शक्यता असते, आणि तो सुरुवातीला बाहेरून अजिबात जाणवत नाही. सासूबाईंची रक्तातल्या क्रिएटिनिनची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी, तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती करून घ्या, रस असो की नसो. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर पोटॅशियमचाही प्रश्न येतो, मग कुठलीही पालेभाजी किती खायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागेल. त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी घेत असतील तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नये, कारण त्यांतलं ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

आणि साखर? इराण आणि इजिप्तमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर काही लहान चाचण्या झाल्या आहेत. त्या घोळाच्या बियांवर आहेत, पानांच्या रसावर नाहीत. त्यांतल्या काहींत साखरेत थोडी घट दिसली. एवढ्यावर कुणाची गोळी बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. हे मी कडक शब्दांत सांगते आहे, कारण गोळी सोडून महिनाभर रस पिणाऱ्या माणसाला त्या महिन्यात काहीच वाटत नाही. साखर मात्र वाढत राहते, आणि डोळे, पाय, मूत्रपिंडं यांचं नुकसान तेव्हाच होत असतं. सासूबाईंना घोळाची भाजी आणि ज्वारीची भाकरी द्या, शेजारी त्यांची गोळी ठेवा. त्यांच्या साखरेला त्या जेवणाने मदतच होईल.

त्यांनी सांगितलेल्या जुन्या उपयोगांची मात्र मी थट्टा करणार नाही. आयुर्वेदाने या वनस्पतीचा विचार फार पूर्वी केला आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती लोणी या नावाने येते. चवीला आंबट-खारट, पचायला जड, रूक्ष, पण भूक वाढवणारी आणि मूळव्याधीवर उपयोगी, असं वर्णन आहे. ती तिथे शाकवर्गात आहे, भाज्यांमध्ये. युनानी हकीम तिला थंड मानतात, तहान आणि लघवीची जळजळ यांवर तिच्या बिया देतात. चीनमध्ये ती हगवणीवर वापरली जाते. इतक्या ठिकाणच्या लोकांना तिचा शांतवणारा गुण जाणवला, त्याचं एक कारण डोळ्यांना दिसतं: तिच्यातला बुळबुळीत चिकटा. तो आतड्याला ओलावा देतो, मळ मऊ करतो. मूळव्याधीत कुंथावं न लागणं हाच मोठा आराम असतो, म्हणून मऊ शिजवलेली घोळाची भाजी त्या माणसाला बरी पडते, यात नवल नाही. पण शौचातून रक्त पडत असेल तर ते मूळव्याधीचंच आहे असं घरी ठरवू नका, विशेषतः चाळिशीनंतर. एकदा तपासून घ्या, मग भाजी खात राहा.

उन्हाळी लागल्यावर, म्हणजे लघवीला जळजळ होत असताना, घोळ खाल्ला आणि भरपूर पाणी, ताक प्यायलं, तर आराम पडतो, त्यात पाण्याचाच वाटा मोठा. जळजळ दोन दिवसांत गेली नाही, ताप आला, कंबर दुखू लागली किंवा लघवी लाल झाली तर तो जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो. मधुमेह असलेल्या बाईने तर दोन दिवसही वाट पाहू नये. घामोळ्यांवर, उन्हाने तापलेल्या तळपायांवर पाला धुऊन, वाटून लेप लावला तर थंड वाटतं, लावा. भाजलेल्या जागेवर मात्र नको. मातीत वाढलेला वाटलेला पाला उघड्या जखमेवर जंतू नेतो. भाजल्यावर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरायचा, फोड फोडायचे नाहीत आणि जागा मोठी असेल तर दवाखाना गाठायचा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला भाजी जेवणात कधीमधी चालेल, पण बिया, काढे, रस काहीही औषध म्हणून देऊ नका.

तुमच्या मिस्टरांसाठी सध्या घोळ नकोच, भाजी म्हणूनही. त्यांच्या डॉक्टरांना 24 तासांच्या लघवीची तपासणी करायची का ते विचारा. तिच्यात ऑक्झलेट जास्त येतं की नाही ते कळतं, आणि नसेल तर महिन्यातून एखाद्या वेळी उकळून पाणी टाकलेली, ताकातली भाजी खायला हरकत राहणार नाही. मुतखडा झालेले पुष्कळ लोक कॅल्शियमच्या भीतीने दूध-दही सोडतात आणि टोमॅटोच्या बिया वेचून काढत बसतात. दोन्ही चुकीचं. टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं. आणि जेवणातलं दही-ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते रक्तात जायच्या आधीच शौचावाटे बाहेर पडतं. दही सोडलं की ही वाट बंद होते. त्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यायला सांगा आणि लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ कमी करा.

यावरून ताकातला घोळ का करायचा तेही लक्षात येईल. न्यूझीलंडमध्ये झालेल्या अभ्यासात दही मिसळल्यावर घोळातलं विरघळणारं ऑक्झलेट स्पष्टपणे कमी झालेलं दिसलं. आपल्याकडे ही भाजी ताकात करतात ती चवीसाठी, पण चवीने हे कामही करून ठेवलं आहे.

भाजी अशी करा. साधारण पाव किलो घोळ घ्या, जून खालचे देठ काढून टाका, कोवळे राहू द्या. जमिनीलगत वाढत असल्याने त्यात रेती फार असते, चार-पाच पाण्यांतून धुवा, भांड्याच्या तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत. मूठभर हरभराडाळ आणि तेवढेच शेंगदाणे दोन तास भिजवून, शिजवून ठेवा. घोळ चिरून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका, ते पाणी फेकून द्या. थोडे क्षार जातात, पण ऑक्झलेटही जातं. दोन वाट्या ताजं, फार आंबट नसलेलं ताक घेऊन त्यात दोन चमचे बेसन गुठळी न होऊ देता कालवा. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घाला, त्यावर घोळ परता, डाळ-दाणे घाला आणि मंद आचेवर ताक सोडून एक उकळी येईपर्यंत सतत ढवळा. मीठ शेवटी, चाखून. घोळ मुळातच खारट असतो, सवयीने आधी मीठ टाकलंत तर भाजी खारट होईल. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. पीठ पेरून कोरडीही छान होते, फक्त झाकण ठेवू नका, नाहीतर गिळगिळीत होते आणि मुलं हात लावत नाहीत.

एक गंमत सांगते, तिचा स्वयंपाकात उपयोग आहे. पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात पानांत साठवतो आणि दिवसभर वापरून टाकतो. म्हणून कोरड्या दिवसांत पहाटे तोडलेला घोळ जास्त आंबट लागतो आणि संध्याकाळी तोडलेला सौम्य. ताकात करायचा असेल तर संध्याकाळी तोडा. वरणात चिंचेऐवजी घालायचा असेल तर सकाळी.

किती खायचा? ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा मुतखड्याचा त्रास नाही त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा, इतर पालेभाज्यांबरोबर आलटून पालटून. रोज तोच नको, आणि ज्या दिवशी घोळ त्या दिवशी पालक नको.

तोडायचा तो तुमच्याच कुंडीतला. रस्त्याच्या कडेचा, गटाराजवळचा, रुळांलगतचा घोळ कितीही टवटवीत दिसला तरी सोडून द्या, ही वनस्पती मातीतून क्षारांबरोबर जड धातूही शोषते. शेतातला असेल तर सोयाबीन, उसात तणनाशक मारलंय का ते शेतकऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. गच्चीवर तुम्ही मिरचीवर काही फवारलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस जाऊ द्या.

आणि तो पुन्हा पुन्हा का येतो, तर तुम्ही उपटून कडेला टाकता म्हणून. त्याच्या मांसल देठात इतका ओलावा असतो की तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मुळं धरतो, आणि फुलं आलेलं रोप उपटल्यावरही त्याच्या बिया पिकतात. एकेका रोपाला हजारो बिया येतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. टोमॅटोच्या कुंड्यांतून त्याला फुलं यायच्या आत काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. चार कोवळे शेंडे एका पसरट, उथळ कुंडीत खोचा, भरपूर ऊन आणि मोजकं पाणी द्या, खत लागत नाही. तीन-चार आठवड्यांत तोडायला येईल. वरून दोन बोटं सोडून कापत राहिलात तर थंडी पडेपर्यंत तीच कुंडी घरापुरती भाजी देते.